पीएच.डी.नंतरची दोन वर्षे

आपल्या मुलांनी अमेरिकेत काय शिकावे, याची आपल्या घरांतून होणारी चर्चा मोजक्या विषयांपलीकडे जात नाही. संगणकशास्त्र, डेटा सायन्स, औषधनिर्माण, फार तर व्यवस्थापन. ही यादी कोणी उगाच बनवलेली नाही. ज्या घरात पहिला पगार येण्यासाठी तीन पिढ्या थांबावे लागले, त्या घराला पगाराची खात्री देणारा विषयच आधी दिसणार. आम्ही स्वतः याच यादीतून या देशात आलो आणि त्याविषयी आम्हाला कसलाही संकोच नाही. मात्र या यादीबाहेरचे, कायदा, गुन्हा, तुरुंग, दारू आणि अमली पदार्थ अशा विषयांवर संशोधन करणारे आपले जे थोडे विद्यार्थी येथील विद्यापीठांत आहेत, ते पीएच.डी. झाल्यावर एका विशिष्ट जागी अडकतात. त्या जागेविषयी आपल्या मासिकातून, मेळाव्यांतून आणि विहारातील गप्पांतून आजवर पुरेसे बोलले गेलेले नाही.

ती जागा म्हणजे पदवी आणि प्राध्यापकपद यांमधली दोन-तीन वर्षे. येथील विद्यापीठांत तिला पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप म्हणतात, बोलताना नुसते 'पोस्टडॉक'. प्रयोगशाळेतील विज्ञानात या जागा पुष्कळ असतात, कारण प्रयोग चालवायला हात लागतात आणि त्या हातांचा पगार प्राध्यापकाच्या अनुदानातून निघतो. समाजशास्त्र, कायदा, गुन्हेशास्त्र या क्षेत्रांत त्या मोजक्याच असतात आणि एकेका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात. या दोन वर्षांत प्रबंधाचे पुस्तक होते, गोळा केलेल्या माहितीचे शोधनिबंध होतात, नवा प्रश्न हाती घेता येतो. ज्याला ती मिळत नाहीत तो तीन ठिकाणी तासिका घेत फिरतो आणि त्याचा प्रबंध ग्रंथालयाच्या संगणकात पडून राहतो. विद्वत्ता दोघांचीही सारखीच असू शकते. एकाला सवड मिळाली, दुसऱ्याला ती मिळाली नाही.

या सवडीतून काय घडते हे पाहायचे असेल तर १८९६ सालच्या फिलाडेल्फियाकडे पाहावे. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळून एक वर्ष झाले होते. ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले नाही. शहराच्या सातव्या वॉर्डातील कृष्णवर्णीय वस्तीचा अभ्यास करण्यासाठी एक वर्षाची, 'साहाय्यक' अशा दुय्यम नावाची नेमणूक तेवढी दिली. आजच्या भाषेत तो पोस्टडॉकच होता आणि मानाचा तर नव्हताच. ही वस्ती शहर नासवते आहे, असे सभ्य फिलाडेल्फियाचे मत आधीच ठरलेले होते. संशोधकाने त्यावर शिक्का मारावा, एवढीच अपेक्षा. ड्यू बॉइस त्याच वस्तीत राहायला गेले आणि सुमारे अडीच हजार घरांत स्वतः जाऊन त्यांनी माहिती गोळा केली. १८९९ मध्ये 'द फिलाडेल्फिया नीग्रो' प्रसिद्ध झाले. त्यात गुन्ह्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि दारिद्र्य व दारूचे व्यसन यांवर दुसरे. गुन्हा नाकारायचा नाही, लपवायचा नाही, पण त्याची मुळे रक्तात न शोधता गुलामगिरी, स्थलांतर, बंद दारे आणि तुटपुंजी मजुरी यांत शोधायची, ही शिस्त त्या पुस्तकाने घालून दिली. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागितली, ते हेच ड्यू बॉइस. त्या पत्राचा उल्लेख आपल्या व्याख्यानांतून वारंवार होतो. सातव्या वॉर्डातील त्या एका वर्षाचा मात्र क्वचितच.

बाबासाहेबांच्या वाट्याला अशी सवड आली नाही. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवस्थेवर त्यांनी एम.ए.चा प्रबंध लिहिला. कंपनीच्या महसुलाचा हिशेब मांडताना त्यात जमीन आणि मीठ यांच्या बरोबरीने अफूही येते. अमली पदार्थ आणि राज्यसत्तेची तिजोरी यांचा संबंध आपल्या परंपरेत इतका जुना आहे. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परत जाण्यासाठी तीन वर्षे गेली. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढी जुळवाजुळव झाल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ही कथा आपण जिद्दीचा धडा म्हणून मुलांना सांगतो. ती शिष्यवृत्तीच्या मुदतीचीही कथा आहे. ज्ञानाच्या ऐन भरात पैसा संपतो तेव्हा काय होते, हे आपल्या समाजाइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

आता प्रश्न असा की कायदा, गुन्हा आणि नशा हेच विषय का.

कारण या विषयांच्या कागदपत्रांत आपण आधीपासून आहोत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले आणि १९११ च्या कायद्याने तो फास मुंबई इलाख्यापर्यंत आला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील सेटलमेंट हे त्याचे आपल्या मातीतले रूप. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून पारधी, कंजारभाट, कैकाडी, उचल्या 'विमुक्त' झाले. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलीस ठाण्याच्या वहीतली नावे फारशी बदलली नाहीत. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी साहित्याने हे दुःख ऐकले, हे खरेच. पण आत्मकथनाचे काम वेगळे आणि आकडेवारीचे वेगळे. न्यायाधीश आत्मकथन वाचून हळहळेल, मात्र निकाल लिहिताना तो तक्ता मागेल.

तक्ता काय सांगतो? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीप्रमाणे भारतातील तुरुंगांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती आणि त्यांतील ७७ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. अनुसूचित जातींचे लोकसंख्येतील प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के, पण कैद्यांत ते सुमारे पंचमांश. हे ढोबळ चित्र झाले. ते असे का आहे, अटकेच्या वेळी, जामिनाच्या वेळी की वकिलाच्या फीच्या वेळी हा फरक पडतो, याचे उत्तर तक्त्यात नाही. ते मिळवायला कोणीतरी वर्षभर तालुका न्यायालयाच्या मागच्या बाकावर बसावे लागते.

अमली पदार्थांच्या कायद्याचेच घ्या. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याचे कलम २७ सेवनालाच गुन्हा ठरवते. स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ त्याच कायद्यात आहे, पण वस्तीतल्या किती पोरांना ते ठाऊक असते? 'विधी' या कायदेविषयक संशोधन संस्थेने मुंबईच्या मॅजिस्ट्रेट न्यायालयांतील २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांच्या दहा हजारांवर खटल्यांचा अभ्यास केला. जवळजवळ सर्व खटले वैयक्तिक सेवनाचे, त्यांतील बहुसंख्य गांजाचे, आणि गांजाच्या खटल्यांत शिक्षा झालेले लोक रोजंदारीवरचे मजूर, झोपडपट्टीत किंवा रस्त्यावर राहणारे. हा अभ्यास महत्त्वाचा आहे. पण मॅजिस्ट्रेटच्या निकालपत्रात जात लिहिलेली नसते. वर्गापर्यंत आलेला हा अभ्यास जातीपर्यंत न्यायचा असेल तर संशोधकाला निकालपत्राबाहेर पडून वस्तीत जावे लागेल, आणि तिथे ज्याला दार उघडले जाईल असा संशोधक हवा.

दारूचे तर विचारूच नये. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. त्याप्रमाणे मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात पेला उचलणाऱ्यालाही परवाना लागतो. तो खिशात आहे का, असे तिथे कोणी विचारल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही. तोच कायदा हातभट्टी गाळणाऱ्या बाईच्या दारात मात्र पहाटे पाचला पोहोचतो. भोपाळच्या क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटॅबिलिटी प्रोजेक्टमधील तरुण वकील-संशोधकांनी, ज्यांच्यात निकिता सोनवणे आणि अमेय बोकील ही मराठी नावेही आहेत, मध्य प्रदेशातील अबकारी कारवाईचा प्राथमिक तपास अहवालांच्या आधारे अभ्यास करून या पोलिसी कारवाईचा भार कोणत्या समाजांवर पडतो हे दाखवून दिले. महाराष्ट्रासाठी, जिल्हावार, असे काम व्हायला हवे. विदर्भातील दारूबंदी झालेल्या जिल्ह्यांपासून त्याची सुरुवात करता येईल.

संशोधनाने काय साधते याचे ताजे उदाहरण आपल्यापुढे आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये भारतीय तुरुंगांत जातीवरून कामे कशी वाटली जातात याचा शोध घेतला. कोणत्या राज्याच्या तुरुंग-नियमांत सफाईचे काम कोणत्या जातीला नेमून दिले आहे, हे त्यांनी शब्दशः समोर ठेवले. पुढे त्याच याचिकाकर्त्या झाल्या आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षे छापील पुस्तकांत उघड पडून असलेले नियम, ते वाचून मांडणारी एक व्यक्ती निघाली तेव्हा पडले. त्याच निकालात तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश आहे. अपमान थांबवणारा म्हणून तो योग्यच. पण रकाना गेला तर उद्या तुरुंगातील जातीचे प्रमाण मोजायचे कशावरून, हा प्रश्न लगेच उभा राहतो. तो कायद्याच्या आणि संख्याशास्त्राच्या सीमेवरचा प्रश्न आहे, आणि त्यावर दोन वर्षे शांतपणे विचार करायला कोणाला तरी पगार मिळाला पाहिजे.

या देशातील कृष्णवर्णीय समाजाने हे गणित आपल्याआधी मांडले. १९८६ च्या संघराज्य कायद्याने शंभरपट वजनाच्या पावडर कोकेनला जी किमान शिक्षा, तीच क्रॅक कोकेनला ठेवली. रसायन एकच, फरक इतकाच की क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा होणारे बहुतांश कृष्णवर्णीय होते. शिक्षा-आयोगाने १९९५ मध्येच हे प्रमाण समान करावे असे सुचवले, काँग्रेसने ते फेटाळले, आणि २०१० च्या कायद्याने ते एकास अठरावर आले. एकास एक अजूनही नाही. पंधरा वर्षे आकडे पुन्हापुन्हा न्यायालयांपुढे आणि समित्यांपुढे नेणारी माणसे होती म्हणून एवढे तरी झाले. मिशेल अलेक्झांडर यांना २००५ मध्ये सोरोस जस्टिस फेलोशिप मिळाली आणि तिच्या आधारे लिहिलेले 'द न्यू जिम क्रो' २०१० मध्ये आले. मायामीच्या गरीब वस्तीत वाढलेले कार्ल हार्ट वायोमिंगमधून पीएच.डी. होऊन पोस्टडॉक करत करत कोलंबियात पोहोचले. क्रॅकचे व्यसन असलेल्यांना त्यांनी प्रयोगशाळेत एक मात्रा किंवा रोख पैसे असा पर्याय दिला. रक्कम पुरेशी वाढवली की बहुतेकांनी पैसे निवडले. व्यसनी माणूस म्हणजे विचारशक्ती गमावलेला पशू, या समजुतीला त्या साध्या प्रयोगाने तडा गेला. बाबासाहेबांच्या विद्यापीठात झालेला हा प्रयोग आपल्या किती घरांत माहीत आहे?

दिवंगत समाजशास्त्रज्ञ डिव्हा पेजर यांचा मिलवॉकीतील प्रयोग तर प्रत्येक नोकरदाराने वाचावा असा. सारख्या पात्रतेचे तरुण नोकरी मागायला पाठवले. तुरुंगवासाची नोंद नसलेल्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणे आले, नोंद असलेल्या गोऱ्याला १७ टक्के, नोंद नसलेल्या कृष्णवर्णीयाला १४ आणि नोंद असलेल्याला ५. म्हणजे निष्कलंक कृष्णवर्णीय तरुण शिक्षा भोगून आलेल्या गोऱ्याच्याही मागे. हा निबंध २००३ चा. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतात नावे बदलून नोकरीचे अर्ज पाठवले आणि दलित नावांना बोलावणे कमी येते हे सिद्ध केले. जात आणि पोलीस-नोंद ही दोन्ही ओझी एकत्र धरून असा प्रयोग पुण्यात किंवा नागपुरात व्हावा, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे. पोस्टडॉकच्या दोन वर्षांत नेमका बसेल असा हा विषय आहे.

मग या देशात अशा फेलोशिप नाहीत काय? आहेत, पण त्यांची दारे पाहून घ्यावीत. अमली पदार्थांवरील संशोधनाचा सर्वांत मोठा निधी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज या १९७४ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्य संस्थेकडे आहे. विद्यापीठांना ती प्रशिक्षण-अनुदाने देते आणि त्यांवर पोस्टडॉक नेमले जातात. २०२४ या आर्थिक वर्षासाठी त्यांचे सुरुवातीचे विद्यावेतन ६१,००८ डॉलर होते. परंतु ही अनुदाने, आणि व्यक्तीला थेट मिळणारी याच गटातील फेलोशिपही, फक्त नागरिकांसाठी व ग्रीन कार्डधारकांसाठी आहेत. के-९९ नावाचे एक अनुदान परदेशी व्हिसावरील संशोधकालाही मागता येते, मात्र ते आधीच पोस्टडॉकमध्ये असणाऱ्यासाठी आहे. म्हणजे पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी नाही. गुन्हा आणि वंश यांवरील संशोधनासाठी न्याय विभागाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने ड्यू बॉइस यांच्याच नावाने फेलोशिप चालवली आहे. शिकागोची अमेरिकन बार फाउंडेशन कायदा आणि विषमता या विषयावर फेलोशिप देते. भारतातून थेट येणाऱ्यांसाठी फुलब्राइट-नेहरू आहे, तिची मुदत आठ ते चोवीस महिने, आणि ती संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट. त्यात २०२५ हे वर्ष असे उगवले की संघराज्य सरकारने समतेशी संबंध असल्याच्या कारणावरून अनेक संशोधन-अनुदाने रद्द केली आणि एप्रिलमध्ये न्याय विभागाने शेकडो अनुदाने एकाच वेळी थांबवली. आधीच अरुंद असलेले दार आणखी आकसले.

व्हिसाचे गणित आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही, पण एक फरक लक्षात आणून द्यावासा वाटतो. संगणकशास्त्राची पदवी घेतलेल्या आपल्या मुलाला शिक्षणानंतर काम शोधायला एकूण छत्तीस महिने मिळतात. कायदा किंवा समाजशास्त्रात पीएच.डी. केलेल्या त्याच्या बहिणीला बाराच, आणि त्यातही नव्वद दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही. आमच्या परिचयातील एक विदर्भकन्या तुरुंग आणि जात या विषयावरचा उत्तम प्रबंध घेऊन अशीच घड्याळाकडे पाहत बसली होती. शेवटी तिने एका कंपनीत डेटा विश्लेषकाची नोकरी धरली. चांगला पगार आहे, आईवडील समाधानी आहेत. तिने दोनशे कैद्यांच्या कुटुंबांशी केलेली संभाषणे मात्र अजून ध्वनिमुद्रितच आहेत.

मायदेशातील सरकारी मदतही या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांसाठी आहेत, पुढे नाहीत. शिवाय २०२२ च्या नियमावलीने केंद्रीय शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने सरकारी खर्चाने परदेशात जावे, पण जातीचा अभ्यास करू नये, असा याचा अर्थ. गंमत अशी की ही शिष्यवृत्ती चालवणारे सामाजिक न्याय मंत्रालयच देशातील व्यसनमुक्तीचेही काम पाहते. व्यसनांच्या व्याप्तीचे २०१९ चे राष्ट्रीय सर्वेक्षण, ज्यात सुमारे सोळा कोटी लोक मद्य घेतात असा अंदाज निघाला, ते याच मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतले. एका टेबलावर जात, शेजारच्या टेबलावर नशा, आणि दोन्ही फायली एकत्र वाचायला निघालेल्या मुलीला परदेशी जायला मनाई.

आपल्याच माणसांतून येणारा एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. आपल्या समाजाचे नाव गुन्हा आणि नशा यांच्याशी पुन्हा जोडले जावे, तेही आपल्या पैशाने, हे कशासाठी? ज्या घरांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर निश्चयाने दारू सोडली त्यांच्या मनात ही भावना येणे स्वाभाविक आहे आणि आम्ही तिचा आदर करतो. पण पाचवे शील आपण स्वतःहून घेतो, शिपाई ते आपल्याला देत नाही. व्यसनापासून दूर राहण्याचा निश्चय वेगळा आणि व्यसनात सापडलेल्या गरीब पोराला कोठडीत टाकणारा कायदा वेगळा. पहिल्यावर श्रद्धा असणारा माणूस दुसऱ्याला प्रश्न विचारू शकतो, किंबहुना त्यानेच विचारावा, कारण आपल्या व्यसनाचे समर्थन करतो आहे असा आरोप त्याच्यावर कोणी करू शकणार नाही. आणि नाव जोडण्याचे म्हणाल तर ते इंग्रज अधिकाऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच जोडून ठेवले आहे. आपण लिहिले नाही म्हणून ते पुसले जात नाही.

आपल्यावर लिहिणारे आपल्यात नसले की काय होते हे या देशातही आपण अनुभवले. कॅलिफोर्नियातील जातिभेदविरोधी विधेयकावर २०२३ मध्ये चर्चा चालू असताना अमेरिकेतील जातिभेदाविषयी हाताशी असलेली आकडेवारी फारच तुटपुंजी होती. २०१८ च्या एका सर्वेक्षणावर सारा भार पडला आणि विरोधकांनी नेमके त्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपाल न्यूसम यांनी प्रचलित कायदा पुरेसा असल्याचे सांगून विधेयक परत पाठवले. आठवड्याभराने, १४ ऑक्टोबरला, मेरीलँडमधील अ‍ॅकोकीक येथे बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. त्या पुतळ्याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. त्याच वर्षी पाच-सहा कायदा-संशोधक आपल्या बाजूला असते तर समितीपुढची साक्ष वेगळी झाली असती, असेही आम्हाला वाटते.

पोस्टडॉकचे वर्ष मिळाले तर आपली माणसे काय करतात, याचे पुरावे आहेत. नांदेडचे सूरज एंगडे हार्वर्डमध्ये पोस्ट-डॉक्टरल फेलो होते त्याच काळात, २०१९ मध्ये, 'कास्ट मॅटर्स' आले. येरवड्यातील एका खोलीच्या घरात वाढलेल्या शैलजा पाईक २०१२-१३ मध्ये येलला पोस्ट-डॉक्टरल संशोधक होत्या, २०१४ मध्ये दलित स्त्रियांच्या शिक्षणावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आठ लाख डॉलरच्या त्या सन्मानाची बातमी आपण सर्वांनी एकमेकांना पाठवली. येरवडा म्हटले की पुण्याबाहेरच्या माणसाला आजही आधी तुरुंगच आठवतो.

आता पैशाचे बोलू. एका पोस्टडॉकला विद्यावेतन, आरोग्यविमा आणि थोडा प्रवासखर्च धरून वर्षाला पंचाहत्तर ते ऐंशी हजार डॉलर लागतात. अडीचशे कुटुंबांनी दरमहा पंचवीस डॉलर दिले तर वर्षाला पंचाहत्तर हजार होतात. आपल्यातील बहुतेक जण अशा कंपन्यांत आहोत जिथे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीत कंपनी तेवढीच भर घालते. हा अर्ज भरायला दहा मिनिटे लागतात आणि आपल्यातील बरेच जण तो कधीच भरत नाहीत. भर धरली तर निम्म्या कुटुंबांतही काम भागेल. गावाकडच्या शाळा, वसतिगृहे, दहावी-बारावीच्या मुलांची फी यांसाठी आपण पाठवतो तो पैसा यात वळवू नये. ती गरज अधिक तातडीची आहे आणि तिची तुलना याच्याशी करणे अन्यायाचे होईल. हा निधी वेगळा, नवा असावा.

एक कायदेशीर सावधगिरी आधीच सांगतो. ही फेलोशिप केवळ दलित अर्जदारांसाठी राखीव ठेवण्याचा मोह होईल. जून २०२४ मध्ये अटलांटाच्या फिअरलेस फंडाविरुद्ध अपील न्यायालयाने दिलेला निर्णय पाहता तो टाळावा. कृष्णवर्णीय उद्योजक स्त्रियांसाठीचे त्यांचे अनुदान १८६६ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या तरतुदीच्या आधारे रोखले गेले आणि नंतर बंद झाले. ज्या कायद्याने गुलामीतून सुटलेल्यांना हक्क दिले त्याच कायद्याचा हा उपयोग, यावर आणखी काय बोलावे! म्हणून राखीवपणा विषयात असावा, अर्जदाराच्या जातीत नव्हे. विषय 'जात, फौजदारी कायदा आणि अमली पदार्थ' असा ठेवला आणि मराठी, हिंदी किंवा अन्य भारतीय भाषेत क्षेत्रकार्य करण्याची क्षमता ही अट घातली, की योग्य माणूस आपोआप पुढे येईल. तो सवर्ण असला आणि काम प्रामाणिक असले, तर त्यालाही ती मिळावी.

निवड आपण करू नये, विद्यापीठाने करावी. देणगीदारांच्या ओळखीच्या मुलाला फेलोशिप मिळाली असे एकदा जरी झाले तरी योजना संपली. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला, कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठ-समूहाने २०२२ मध्ये. बोलणी अशाच ठिकाणी आधी सुरू करावीत, आणि एखादे कायदा-विद्यालय सोबत असावे. निष्कर्ष आपल्याला आवडणारे निघाले नाहीत तरी पुढच्या वर्षीचा हप्ता थांबणार नाही, हे करारात लिहून द्यावे. आपल्याच समाजातील कोणी मेफेड्रोनच्या धंद्यात आहे असे संशोधनातून निघाले तर तेही छापले गेले पाहिजे.

येथील विद्यापीठांची पोस्टडॉकची जाहिरात साधारण सप्टेंबरपासून निघू लागते आणि नेमणूक पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये होते. म्हणजे एप्रिलच्या जयंती-मेळाव्यात निधीची घोषणा झाली आणि उन्हाळ्यात विद्यापीठाशी करार झाला, तर पहिला संशोधक येईपर्यंत सोळा महिने जातील. जयंतीच्या नियोजनाची बैठक अनेक शहरांत जानेवारीत असते. सभागृहाचे भाडे, जेवण आणि पाहुण्यांचे विमान यांच्या आधी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती आम्ही आमच्या शहरातील मंडळाला लेखी केली आहे.